आधी हवा काढा : कालाहारीला निघालेल्या मंडळींस खुले पत्र

गोव्यातून आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात स्वतः गाडी चालवायला निघालेल्या सर्व बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी फोंड्यात तुमची बैठक झाली तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. भाच्याने बरोबर आणले होते. चार गाड्या, सोळा माणसे, जुलैतले दहा दिवस, सगळे ठरलेले. भिंतीवर नकाशा होता आणि त्यावर लाल पेनने रोजचा टप्पा आखलेला होता. कुणीतरी विचारले, तिथले रस्ते कच्चे आहेत, हादरे फार बसतात म्हणे, त्याचे काय? उत्तर आले, "ऐंशीला घालायची. ऐंशीच्या वर गाडी तरंगते, हादरा लागतच नाही." दोघातिघांनी माना डोलावल्या आणि विषय विमानाच्या तिकिटांकडे वळला.

मी तेव्हाच उठून बोलायला हवे होते. चारचौघांत उभे राहून बोलायची सवय नाही म्हणून गप्प राहिलो, आणि त्या रात्री झोप लागली नाही. हे पत्र त्यासाठी, टायरमधली हवा आणि वेग यांविषयी. खुले अशासाठी, की डिचोली-मडगावकडचे लोकही आता अशा सहलींची चौकशी करताना मला भेटतात, आणि हा ऐंशीचा सल्ला प्रत्येकाच्या तोंडी असतो.

माझी ओळख एवढीच, की सावर्डे-कुडचडे पट्ट्यातल्या खाणींवर मी १७ वर्षे टिपर, म्हणजे खनिज वाहणारा ट्रक, चालवला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा स्टिअरिंगवरून उतरलो. त्या वर्षांत डांबरापेक्षा खाणीचा लाल कच्चा रस्ताच चाकाखाली जास्त आला. आणि दोन वर्षांपूर्वी, जोहान्सबर्गला नोकरीला असलेल्या पुतण्यामुळे, तुम्ही चालला आहात त्याच उद्यानात आम्ही सहाजण गाडी घेऊन गेलो होतो. आठ दिवसांची सहल सातव्या दिवशी संपली. ती का संपली ते सांगतो, पण आधी रस्त्याविषयी.

कगालागादी असे त्या उद्यानाचे नाव. तहानेचा प्रदेश असा त्याचा अर्थ सांगतात. दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना या दोन देशांनी सीमेला लागून असलेली आपापली उद्याने २००० साली एकत्र केली. मिळून सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे दहा गोवे मावतील एवढी जागा, आणि दोन देशांच्या मधे कुंपण नाही. वर्षाचा पाऊस सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैत तेवढा एका आठवड्यात पडून जातो. आउब आणि नोसोब अशा दोन नद्या आहेत, पण वर्षानुवर्षे त्यांत पाणी नसते. त्यांच्या कोरड्या पात्रांतून आणि काठांवरून रस्ते गेले आहेत. दक्षिणेच्या फाटकावरचा मुक्काम ट्वी रिव्हिरेन, म्हणजे 'दोन नद्या'. त्याच्या थोडे उत्तरेला त्या दोघींचा संगम आहे. आमच्या शेजारच्या सांग्याचे नाव संगमावरूनच पडले असे म्हणतात, त्यामुळे पाटीवर ते नाव वाचले तेव्हा मला गावात आल्यासारखे वाटले होते.

हे रस्ते कुणी सहलीसाठी आखलेले नाहीत. १९१४ साली पहिल्या महायुद्धात शेजारच्या जर्मन वसाहतीवर सैन्य न्यायचे होते, म्हणून आउबच्या पात्रात पाण्यासाठी कूपनलिका खणल्या गेल्या. पाण्याच्या मागोमाग माणसे आली, वाट पडली. १९३१ मध्ये तिथे उद्यान झाले. आज त्याच पात्रांत पंपाचे पाणी प्यायला हरणे येतात, त्यांच्या मागे सिंह येतात, आणि सिंहांच्या मागे आपण.

अपिंग्टन शहरापासून फाटकापर्यंत सुमारे २५० किलोमीटर डांबर आहे. सरळ, रिकामे, गुळगुळीत. आपल्यासारखीच डाव्या बाजूने गाडी हाकायची, स्टिअरिंग उजवीकडे. फाटकाशी पोचेपर्यंत तुम्हाला वाटेल, हा देश तर आपल्यापेक्षा सोपा आहे. फाटकाच्या आत डांबर संपते.

आत काय आहे? कुठे वाळू, कुठे खडी, कुठे पांढरट चुनखडीसारखा टणक दगड. आपला जांभा पावसाने झिजतो, गोल होतो. तो दगड तसा नाही, फुटला की धार राहते, आणि ती धार टायरच्या बाजूला लागली की संपले. वर्षानुवर्षे ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारे यंत्र, फिरवून काही ठिकाणी रस्ता आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली गेला आहे आणि कडेला वाळूचे बांध झाले आहेत. आणि या सगळ्यावर आडव्या लाटा. छपराच्या पन्हळी पत्र्यावरून हातगाडी ओढली तर जसे होईल, तसे मैलोनमैल. ट्वी रिव्हिरेनहून नोसोबच्या मुक्कामाकडे जाताना तर दातावर दात आपटतात.

या लाटा कशा होतात हे मी खाणीवर रोज पाहिले आहे. सकाळी ग्रेडर फिरायचा, मागून टँकर पाणी मारायचा, रस्ता अंगणासारखा सपाट. मग खेपा सुरू. खेपेवर पैसे, त्यामुळे प्रत्येकजण दामटवायचा. चाकाला एक बारीकसा दगड लागतो, चाक किंचित उडते, पुढे जिथे पडते तिथे माती दाबून मागे फेकते, खड्डा होतो, मागच्या गाडीचे चाक त्या खड्ड्यातून उडून बरोबर पुढच्या ठिकाणी पडते. शंभर खेपांनी ती एक ओळ होते. रिकाम्या गाड्या परततात त्या बाजूला लाटा जास्त, कारण रिकामी गाडी जास्त उडते. हे आमचे अनुभवाचे शहाणपण. पुढे पुतण्याने सांगितले, की यावर शास्त्रज्ञांनीही प्रयोग केले आहेत. ताबर्ले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तिघांनी २००७ मध्ये एका फिरत्या टेबलावर वाळू पसरून तिच्यावरून कडक रबराचे चाक फिरवले. गाडीला असतात तसल्या स्प्रिंगा नसल्या तरी लाटा उठल्या. एका ठरावीक वेगाच्या खाली मात्र वाळू सपाटच राहिली. तो वेग इतका कमी आहे, की चालणारा माणूस आणि गाडी बरोबरच जातील.

म्हणजे आपण कितीही जपून गेलो तरी लाटा होणार. कुठल्याच गाडीला चालत्या माणसाच्या वेगाने नोसोबपर्यंतचे १६० किलोमीटर जाता येणार नाही. पण जितका वेग जास्त आणि चाक जितके टणक, तितका त्यांचा उठाव जास्त. तो रस्ता उद्यानाने बिघडवून ठेवलेला नाही. तिथून गेलेल्या प्रत्येक गाडीने त्यात आपली भर घातली आहे. आमच्या गाडीने घातली, तुमच्या चार गाड्याही घालतील. किती घालायची एवढेच आपल्या हातात आहे.

आता तरंगण्याविषयी. ऐंशीच्या वर हादरे कमी होतात हे खरे आहे. मी ते नाकारत नाही, मी स्वतः अनुभवले आहे. पण का कमी होतात ते ध्यानात घ्या. चाक एका लाटेच्या माथ्यावरून उडून थेट दुसऱ्या माथ्यावर टेकते, मधल्या खळग्यात उतरायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणजे बराच वेळ चाक जमिनीला लागलेलेच नसते. आणि ब्रेक काय, स्टिअरिंग काय, जमिनीला लागलेल्या रबरावरच चालते. गाडी जेव्हा सगळ्यात मऊ चालते आहे असे वाटते, नेमकी तेव्हाच ती तुमच्या हातात सगळ्यात कमी असते. सरळ रस्त्यावर हे कळत नाही, वळण आले की कळते.

आम्हाला ते सातव्या दिवशी दुपारी कळले.

गाडी भाड्याची होती, डबल कॅब पिकअप, टपावर सामान. ताब्यात देताना भाड्याने देणाऱ्याने सांगितले होते, हवा २.४ बार ठेवा, कमी करू नका. एक बार म्हणजे साडेचौदा पौंड, म्हणजे जवळपास ३५ पौंड हवा. मी १७ वर्षे टिपर चालवलेला माणूस, मला तिथेच शंका यायला हवी होती. पण गाडी परक्याची, देश परका, पुतण्याच्या नावावर करार. मी म्हटले, त्यांना माहीत असेल. सहा दिवस त्या टणक टायरांवर आम्ही हाडे खिळखिळी करून घेतली. चाळीसला हादरे, पन्नासला हादरे. उद्यानाची मर्यादा ताशी ५० किलोमीटर, ती आम्ही पाळत होतो, पण रोज संध्याकाळी बहिणीची कंबर धरलेली असायची आणि मेहुणा म्हणायचा, उद्या जरा वेगात घेऊन बघूया.

सातव्या दिवशी नोसोबच्या पात्रात चित्त्याची मादी दिसली, बरोबर दोन पिल्ले. आम्ही दीड तास जागचे हललो नाही. त्यातला एक क्षणही मला वाया गेलेला वाटत नाही. पण हिवाळ्यातला तिथला दिवस लहान, सूर्यास्ताला मुक्कामाचे फाटक बंद होते, आणि अजून नव्वद किलोमीटर जायचे होते. मेहुणा चालवत होता. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. साठ, सत्तर, पंच्याहत्तर, आणि काय आश्चर्य, हादरे थांबले. गाडीत गप्पा सुरू झाल्या. बहीण मागे बसून संत्रे सोलत होती, तिने पट्टा काढून ठेवला होता.

उजवे वळण होते, फार मोठेही नव्हते. बाहेरच्या बाजूला चाकांनी उडवलेली सुटी वाळू साचली होती. मागचा भाग डावीकडे सरकायला लागला. मेहुण्याने कुणीही मारला असता तसाच ब्रेक मारला. गाडी आडवी झाली आणि वाळूच्या बांधावर जाऊन आदळली. उलटली नाही, ही देवाची कृपा. डावीकडचे मागचे टायर कडेला फाटले. धूळ बसली तेव्हा आत फक्त बहिणीचा आवाज होता. तिचे मनगट मोडले होते.

आता तिथली परिस्थिती समजून घ्या. बहुतेक भागात मोबाइलला रेंज नाही. ठरावीक जागा सोडून गाडीबाहेर पाऊल टाकायला बंदी आहे, आणि ती बंदी योग्यच आहे, कारण त्या पात्रात सिंह आहेत. वाळूत चालण्यापेक्षा रस्त्यावर चालणे त्यांनाही सोपे पडते, त्यामुळे ते रस्त्यानेच फिरतात. चाक बदलायचे तर उतरावे लागणार. आम्ही काचा वर करून बसून राहिलो. पंचवीस मिनिटांनी मागून एक जुनी जीप आली. त्यात साठीपलीकडचे एक जोडपे होते, त्याच देशातले. बाईंनी त्यांची गाडी आमच्या मागे आडवी लावली आणि दुर्बीण घेऊन एका बाजूवर नजर ठेवली, पुतण्याने दुसऱ्या बाजूवर. मी आणि त्या गृहस्थांनी स्टेपनी चढवली. त्यांनी बहिणीचा हात एका लाकडी चमच्याला फडक्याने बांधून दिला.

आणि मग त्या गृहस्थांनी खिशातून हवा मोजायचे गेज काढले. आमच्या टायरला लावले, आकडा बघितला आणि मान हलवली. बोलले काहीच नाहीत. चारही चाकांची हवा त्यांनी १.६ बारवर आणली, म्हणजे साधारण २३ पौंड. मला म्हणाले, चाळीसच्या पुढे जाऊ नका, मी मागे राहतो.

पुढचा जवळपास साठ किलोमीटरचा रस्ता मी चालवला. तोच रस्ता, त्याच लाटा. मोडलेला हात मांडीवर घेऊन बसलेली बहीण मला म्हणाली, "दादा, रस्ता बरा झाला काय रे?" रस्ता तसाच होता, टायर मऊ झाले होते. माझ्या बहिणीच्या मोडक्या हाताला तो फरक कळला. गेल्या रविवारी तुम्ही कुठल्या कोपऱ्यात काय लावायचे, कॅमेऱ्याला कुठली पिशवी घ्यायची हे तासभर बोललात. हवेविषयी एक शब्द निघाला नाही, म्हणून मी हे एवढे लांबण लावून सांगतो आहे.

हवा कमी केली की टायर जमिनीवर लांबट पसरते. छोटा दगड ते पोटात घेते, टणक टायर त्याच दगडावर उडते. सुट्या वाळूत पसरट पाय बुडत नाही, टाचेचा बुडतो, तसेच हे. पकड वाढते, लाटांचा मार कमी होतो, शॉकअपला आराम मिळतो, आणि रस्त्यावर तुमच्या चाकाचा घावही हलका पडतो. पण माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. माणूस वेग का वाढवतो? आमच्या मेहुण्याला काही शर्यत लावायची नव्हती. सहा दिवसांच्या हादऱ्यांना तो कंटाळला होता. हादराच कमी झाला असता तर ऐंशीला घालावेसे त्याला वाटलेच नसते.

किती हवा ठेवायची हे गाडीच्या वजनावर आहे. आमच्या भरलेल्या पिकअपला १.६ बार ठीक बसले. खोल मऊ वाळूत आणखी खाली, १.२ पर्यंतही लोक नेतात, पण मग वेगाने वळण घ्यायचे नाही, टायर रिमवरून निसटू शकते. सकाळी टायर थंड असतानाच मोजा, चालून तापलेल्या टायरचा आकडा फसवा असतो. आणि परत डांबरावर आलात, की पुन्हा हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही. कमी हवेचे टायर डांबरावर वेगात तापते आणि फुटते, ते या सगळ्याहून वाईट. म्हणून प्रत्येक गाडीत एक गेज आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हवाच हवा. चार गाड्यांत मिळून एक, हे चालणार नाही.

भाड्याचा करार मात्र नीट वाचा, आणि सही करण्याआधी वाचा. टायर, पुढची काच, गाडीखालचा भाग, दुसरी गाडी नसताना झालेला अपघात, यांतले बरेच काही विम्यात नसते. आम्हाला ते परत आल्यावर कळले. हवा कमी करायला त्यांची हरकत आहे का, हे तोंडी नको, लेखी विचारा.

आता तो भिंतीवरचा नकाशा. त्यावर एका दिवसात तुम्ही ट्वी रिव्हिरेनहून नोसोब आणि तिथून टेकड्यांच्या वाटेने माता-माता या तिसऱ्या मुक्कामाला जायचे ठरवले आहे. कृपा करून हा टप्पा मोडा. नोसोब सुमारे १६० किलोमीटर. पन्नासची मर्यादा असली तरी त्या रस्त्यावर सरासरी पस्तीस-चाळीसच पडते, म्हणजे कुठेही न थांबता चार-साडेचार तास. आणि न थांबता जायचे तर एवढ्या लांब कशाला जायचे? जुलैत तिथे थंडी, दिवस साडेदहा तासांचा. तुम्ही आखलेला टप्पा वेगाची मर्यादा मोडल्याशिवाय पुरा होणारच नाही. म्हणजे ऐंशीचा निर्णय तुम्ही गाडीत बसायच्या आधीच, लाल पेनने, घेऊन टाकला आहे. मुक्काम तेवढेच ठेवा, पण रोज एकच नदी धरा. आउबच्या काठाने माता-माता सुमारे १२० किलोमीटर, तो एक दिवस. नोसोबला दोन रात्री द्या. पेट्रोल-डिझेल फक्त त्या तीन मुक्कामांवर मिळते, तेही हिशेबात धरा.

दोन नद्यांना जोडणाऱ्या टेकड्यांच्या वाटा सुंदर आहेत. लाल वाळूच्या लाटांसारख्या एकामागून एक टेकड्या, गाडी वर चढते आणि खाली उतरते, पुन्हा वर. तो लाल रंगही लोखंडाच्या गंजाचाच, आपल्या खाणीच्या मातीचा असतो तसा. मी उतरायच्या जागी उतरून मूठभर वाळू हातात घेतली होती आणि हात लाल झाला नाही म्हणून नवल वाटले होते. पण चढाच्या माथ्यावर समोरून येणारी गाडी दिसत नाही, तुमच्या गाडीचे नाकच तेवढे आकाशात दिसते. माथा येण्याआधी वेग कमी करा आणि आपली डावी बाजू सोडू नका. लाटा चुकवायला लोक उजवीकडे, कडेला, जिथे सपाट दिसेल तिथे गाडी घालतात. त्याने समोरासमोर टक्कर होते, आणि कडा मोडून रस्ता रुंद होत जातो. कडेच्या वाळूत ज्यांची बिळे असतात ते प्राणीही त्या उद्यानाचेच आहेत. ऊबदार संध्याकाळी तिथे पाली भुंकतात. खरोखर, टकटक असा आवाज करत शेकडो पाली आपापल्या बिळाच्या तोंडाशी बसून ओरडतात, सगळी दरी त्या आवाजाने भरते. तो आवाज कानी पडला तर गाडी बंद करून ऐका.

थंडीत साप तापलेल्या रस्त्यावर ऊब घ्यायला येतात. पफ ॲडर हा जाडजूड विषारी साप हलतही नाही, वाळलेल्या फांदीसारखा पडून राहतो. चाळीसला असाल तर दिसेल, ऐंशीला असाल तर चाकाखाली आल्यावरच कळेल. रस्त्यावर सिंह बसलेला असेल तर थांबायचे, हॉर्न वाजवायचा नाही, बाजूने वाळूत गाडी घालायची नाही. तो उठेल तेव्हा उठेल. आम्ही एकदा चाळीस मिनिटे थांबलो. काळी आयाळ होती त्याची, आणि तो आमच्याकडे एकदाही पाहत नव्हता.

बोत्सवानाच्या बाजूला जायचा बेत तुमच्यातल्या दोघांनी बोलून दाखवला. ती वाट वेगळी आहे, खोल वाळू, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाडीशिवाय जायचे नाही, आणि एकट्या गाडीने तर मुळीच नाही. चाकोऱ्यांच्या मधे गवत वाढलेले असते. चांगला पाऊस झालेल्या वर्षी त्या गवताचे बी रेडिएटरच्या जाळीत भरून इंजिन तापते, आणि गाडीखाली तापलेल्या पाइपाशी वाळके गवत साचले तर गाडी पेटते. तिथे दर तासाला थांबून वाकून बघावे लागते. पहिल्या खेपेला हे टाळा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक सांगायचे राहिले. ती सगळी जमीन कुणाची तरी आहे. तिथल्या खोमानी सान लोकांना उद्यानासाठी त्यांच्या जागेतून हलवले गेले होते. १९९९ मध्ये सरकारने त्यांचा आणि शेजारच्या मीर लोकांचा हक्क मान्य केला आणि पुढे उद्यानातली जमीनही त्यांच्या नावे झाली. आमच्या भागात खाणीच्या ट्रकांनी ज्यांच्या दारात धूळ उडवली, शेतात लाल पाणी सोडले, त्यांच्या घरांवरून मी रोज दहा-दहा खेपा मारल्या. तेव्हा मी वेग कमी केला नाही. खेप बुडेल म्हणून केला नाही. आज तो रस्ता शांत आहे, आणि मला त्या घरांतल्या माणसांकडे बघताना अजून जड जाते. परक्याच्या अंगणातून जाताना हळू जावे, हे मला इथे शिकता आले असते, ते मी तिथे जाऊन शिकलो.

बहिणीचा हात बरा झाला. थंडीत अजून दुखतो. त्या संध्याकाळी तिला आधी मुक्कामावर आणि दुसऱ्या दिवशी एक्स-रेसाठी अपिंग्टनला न्यावे लागले. तो सगळा रस्ता मेहुणा एक शब्द बोलला नाही, आणि आजही सावर्ड्याच्या बाजारात कुणी गाडी दामटली की तो मान खाली घालतो. तुमच्यातल्या कुणावर ती वेळ येऊ नये.

म्हणून विनंती. येत्या रविवारी सकाळी सावर्ड्याला माझ्याकडे या. चारही गाड्यांचे जे चालवणार आहेत ते सगळे या, बायकाही, कारण तुमच्यातल्या तीन जणी चालवणार आहेत हे मी ऐकले आहे. घरामागे जुन्या खाणीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याचा एक तुकडा अजून आहे, दोनशे मीटर, लाटांनी भरलेला. तुमच्याच गाड्यांवर आधी ३५ पौंड हवा ठेवून जा, मग तीच गाडी २३ वर आणून जा. त्याच दोनशे मीटरांवर. मग सुट्या मातीत ब्रेक मारून बघू, तीसला आणि पन्नासला, मी बाजूला बसेन. चाक बदलायचेही सगळ्यांनी एकदा हाताने करून बघायचे, जॅक वाळूत बुडू नये म्हणून खाली फळी कशी ठेवायची ते मी दाखवतो. पंप माझ्याकडे आहे. गेज मात्र प्रत्येकाने आपापले आणायचे, तेच पुढे गाडीत जाईल. नाश्त्याला पाव-भाजी आहे, बहीण करणार आहे. तिला तुम्हा सगळ्यांना भेटायचे आहे.

आपला,
सावर्ड्याचा एक जुना टिपर-चालक